विकिपीडियावरची खोडाखोड आणि फातिमा शेख यांची जन्मतारीख

जानेवारीचा पहिला आठवडा आला की विकिपीडियावर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची एक ठरलेली कसरत सुरू होते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यानंतर सहा दिवसांनी, ९ जानेवारीला, फातिमा शेख यांची जयंती म्हणून ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरतात, शाळेतली मुलं-मुली भाषणासाठी माहिती शोधतात. आणि त्याच दिवसांत फातिमा शेख यांच्यावरच्या लेखात एक ओळ येते, जाते आणि परत येते. ती ओळ म्हणजे जन्मतारीख : ९ जानेवारी १८३१. एकजण ती टाकतो. दुसरा ‘संदर्भ नाही’ म्हणून काढतो. पहिला रागाने पुन्हा टाकतो. तिसरा येऊन मृत्यूची तारीखही जोडतो. चौथ्याला हे सगळंच थोतांड वाटतं, तो परिच्छेदच उडवतो.

बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण हीच माहिती उद्या वर्तमानपत्रात जाते, परवा स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये छापली जाते आणि तेरवा एखाद्या मुलीच्या भाषणात येते. म्हणून या खोडाखोडीकडे कसं बघायचं, तिच्यात पडायचं की नाही आणि पडायचं तर कसं, याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं. मी गेली आठ-नऊ वर्षं फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर आणि अधूनमधून इंग्रजीवर संपादनं करतो. कोणतंही पद नाही, मानधन नाही. जे लिहितोय ते सगळं या अनुभवातलं आहे.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेऊ. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची, म्हणजे नेमकी महाराष्ट्र दिनाची. इथे कोणीही लेख बदलू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बदललेलं काहीच खऱ्या अर्थाने पुसलं जात नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ नावाचं पान असतं. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता शब्द बदलला याची तिथे नोंद राहते. जुनी आवृत्ती एका टिचकीत परत आणता येते. याला ‘उलटवणे’ म्हणतात. लेखाच्या शेजारीच ‘चर्चा’ पान असतं. बदल का केला, का उलटवला हे तिथे बोलायचं असतं. दोन माणसं चर्चेच्या पानाकडे न फिरकता एकमेकांचं लिहिणं उलटवत बसली की त्याला संपादन युद्ध म्हणतात.

इंग्रजी विकिपीडियावर यासाठी एक साधा नियम आहे. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही. चौथ्यांदा उलटवलं तर खात्यावर काही काळ बंदी येऊ शकते. शिवीगाळ, उघड नासधूस, हयात व्यक्तीची बदनामी अशा गोष्टी काढायच्या असतील तर सूट आहे, एरवी नाही. या नियमात ‘खरं कोण बोलतंय’ हा प्रश्नच नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असलं तरी चौथ्यांदा उलटवलं की तुम्ही दोषी. नव्या माणसाला हा अन्याय वाटतो. पण विचार केला की लक्षात येतं, भांडणारे दोघेही आपण बरोबर आहोत असंच समजत असतात. ‘बरोबर असणाऱ्याला सूट’ असा नियम केला तर तो दोघेही आपल्यालाच लागू करून घेतील.

मराठीत कामात असलेले प्रचालक थोडे. इंग्रजीसारखी तक्रार केली आणि तासाभरात कोणी धावून आलं, असं इथे होत नाही. त्यामुळे तोच वाद दर वर्षी नव्याने उगवतो आणि निस्तरायला तीच दोन-चार माणसं असतात.

आता मूळ विषयाकडे येतो. फातिमा शेख यांच्याबद्दल नक्की काय हाती आहे? सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं पत्र. आजारपणामुळे त्या तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. आपण पुण्यात नसल्याने फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्या पत्रात आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात ते छापलेलं आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध केला. फुले दांपत्याला घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा त्यांची बहीण, ही हकीकत फुले चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जन्मतारखेचं मात्र तसं नाही. त्या काळातला जन्माचा दाखला, शाळेचं रजिस्टर, कबरीवरचा लेख, असं काहीही तिच्या पाठीशी उभं नाही.

मग ही तारीख इतकी घट्ट कशी झाली? ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने १९१ व्या जयंतीनिमित्त फातिमा शेख यांचं डूडल केलं. त्या दिवशी देशभरातल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ती तारीख छापली. त्यानंतर विकिपीडियावर तारीख टाकणारा माणूस संदर्भ म्हणून वर्तमानपत्राची बातमी देऊ लागला. ती बातमी कशावरून लिहिली? इंटरनेटवर फिरणाऱ्या माहितीवरून. म्हणजे साप स्वतःचीच शेपूट तोंडात धरून बसलेला. विकिपीडियावर हा जुना आजार आहे. बिनसंदर्भाची ओळ लेखात शिरते, कोणी पत्रकार ती उचलतो आणि मग तीच बातमी त्या ओळीचा पुरावा बनते. दहा बातम्या एकाच ठिकाणाहून आलेल्या असतील तर पुरावे दहा होत नाहीत. मोजायला गेलं तर एकही होत नाही.

२०२५ च्या जानेवारीत या वादाला निराळंच वळण लागलं. केंद्र सरकारमध्ये सल्लागार असलेल्या एका माजी पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं होतं, अशी कोणी बाई झालीच नाही. देशभर गदारोळ झाला. १९८८ साली छापलेल्या ग्रंथातलं १८५६ चं पत्र अलीकडच्या काळातला माणूस कसा रचू शकेल, हा साधा प्रश्न अनेक अभ्यासकांनी विचारला. पण दावा वाऱ्यासारखा पसरला होता. त्या दिवसांत मी रोज रात्री इतिहासाचं पान उघडून बघायचो. एका बाजूने ‘काल्पनिक’ हा शब्द घालणारे, दुसऱ्या बाजूने रागाच्या भरात जन्मतारीख, मृत्यूची तारीख, ‘देशातील पहिली मुस्लिम शिक्षिका’ अशी बिरुदं भरणारे. एकाला बाई पुसून टाकायची होती, दुसऱ्याला तिचं चरित्र रातोरात पूर्ण करायचं होतं. संदर्भ दोघांकडेही नव्हता.

मी दोन्हीकडचं काढलं, एकेकदाच, आणि चर्चेच्या पानावर कारण लिहिलं. ‘काल्पनिक’ काढल्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. तारीख काढल्याबद्दल मात्र आपल्याच लोकांचे फोन आले. “तू आपल्यातला असून असं करतोस?” हे वाक्य तेव्हा मी बऱ्याच जणांकडून ऐकलं.

त्यातला एक फोन विसरता येत नाही. आमच्या ओळखीच्या एक आपा उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. दर ९ जानेवारीला वस्तीतल्या मुलींचा छोटा कार्यक्रम घेतात. दहावी-बारावी पास झालेल्या मुलींना पुस्तक देतात. त्यांचा आवाज कापत होता. म्हणाल्या, “बेटा, इतकी वर्षं मुलींना सांगत आले, आज तिचा वाढदिवस आहे म्हणून. आता काय सांगू? तिचा जन्मच झाला नव्हता?”

मी म्हटलं, “आपा, जन्म झालाच होता. तारीख तेवढी माहीत नाही.”

“लोक ऐकतात का असं? तारीख नाही म्हटलं की माणूसच नाही म्हणतात.”

मी त्यांना विचारलं, “तुमच्या अम्मीची जन्मतारीख काय?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कागदावर १ जून आहे.” आम्ही दोघेही हसलो. महाराष्ट्रात आपल्या आजी-आजोबांच्या आणि कित्येकांच्या आईवडिलांच्या दाखल्यावर १ जूनच असतो. शाळेत नाव घालताना तारीख कोणाला माहीत नसे, मास्तर शाळा सुरू व्हायच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून टाकत. ती तारीख खरी नाही, म्हणून आपाच्या अम्मी झाल्याच नाहीत, असं कोणी म्हणेल का? आणि अम्मी खऱ्या होत्या म्हणून १ जून ही तारीख खरी ठरेल का? या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढंच मला त्या पानावर सांगायचं होतं.

आपांचा कार्यक्रम त्या वर्षीही झाला. तो बंद करावा असं माझं कधीच म्हणणं नव्हतं. आठवण काढायला एक दिवस लागतो आणि लोकांनी ९ जानेवारी निवडला. तो दिवस पाळला जातो हे खरंच आहे, आणि विकिपीडियावर ते तसं लिहिताही येतं. म्हणून चर्चेच्या पानावर मी असं वाक्य सुचवलं : ‘फातिमा शेख यांच्या जन्मतारखेचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही; अलीकडच्या काळात ९ जानेवारी हा दिवस त्यांची जयंती म्हणून पाळला जातो.’ पहिल्या भागाने तारीख काढणाऱ्याचं समाधान होतं, दुसऱ्याने टाकणाऱ्याचं. निदान दोघांनाही ‘हे खोटं आहे’ असं म्हणता येत नाही.

वारंवार होणारे वाद हाताळताना मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती हीच. ‘सत्य काय’ यावर भांडायचं नाही, वाक्य काय असावं यावर बोलायचं. सत्याचं भांडण कयामतपर्यंत चालेल. वाक्यावर मात्र दोन दिवसांत तडजोड होऊ शकते. ‘अमुक झालं’ असं लिहिता येत नसेल तर ‘अमुक अभ्यासकाने अमुक ग्रंथात असं म्हटलं आहे’ असं लिहिता येतं. कोण म्हणतं ते सांगितलं की निम्मा वाद तिथेच बसतो.

दुसरी गोष्ट, समोरच्याला आधी चांगला माणूस समजायचं. विकिपीडियाचं हे लिखित तत्त्वच आहे : सद्भाव गृहीत धरा. तारीख पुन्हा पुन्हा टाकणारा एक सदस्य मला सुरुवातीला हट्टी वाटला होता. त्याच्या चर्चेच्या पानावर मी नियमांचा धाक न घालता विचारलं, “भाऊ, ही तारीख तुम्हाला कुठे वाचायला मिळाली?” कळलं की तो बी.एड.चा विद्यार्थी आहे, निबंधासाठी वाचलं ते प्रामाणिकपणे घालतोय आणि आपलं लिहिलेलं रोज कोण पुसतंय हेच त्याला समजत नाहीये. ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही दोन पानं असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता तो माझ्यापेक्षा जास्त काटेकोर संदर्भ देतो. सगळेच असे निघत नाहीत. काही जण फक्त आग लावायला येतात. पण कोण कसा आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट, फौज जमवायची नाही. त्या जानेवारीत एका ग्रुपवर मला सांगण्यात आलं, “लिंक टाक, पन्नास पोरं लावतो, बघू कोण काढतो ते.” मी लिंक दिली नाही. विकिपीडियावर माणसं मोजत नाहीत, संदर्भ मोजतात. एका दिवशी उघडलेली पन्नास खाती एकच ओळ टाकू लागली की ती एकाच माणसाची किंवा एकाच टोळीची समजली जातात. खाती बंद होतात, पानाला कुलूप लागतं आणि कुलूप लागतं तेव्हा पान ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत राहतं. वर, आपली बाजू कमकुवत असल्याची ती कबुलीच ठरते. मदत हवी असेल तर ती ‘चावडी’वर, सगळ्यांसमोर मागायची. ज्याचा या वादात जीव अडकलेला नाही अशा तिसऱ्या माणसाचं मत घ्यायचं.

चौथी गोष्ट, थांबता यायला हवं. चूक ओळ चार दिवस राहिली तर आभाळ कोसळत नाही. रात्री बारा वाजता, राग डोक्यात असताना केलेलं उत्तर सकाळी वाचवत नाही. मी असं उत्तर आधी धूळपाटीवर लिहितो आणि फजरनंतर वाचून बघतो. बहुतेक वेळा चार ओळींची एक ओळ होते.

हे सगळं काही फक्त मुस्लिमांच्या वाट्याला आलेलं नाही, हेही सांगायला हवं. पोलंडमधलं ग्दान्स्क हे शहर पूर्वी दान्झिग नावाने जर्मनांचं होतं. त्याचं नाव कोणत्या काळासाठी काय लिहायचं यावर इंग्रजी विकिपीडियावर इतकी उलटापालट झाली की २००५ साली मतदान घ्यावं लागलं. ठरलं असं की १३०८ ते १९४५ या काळासाठी दान्झिग, त्याच्या आधी आणि नंतर ग्दान्स्क. मतदान हा तिथे अगदी शेवटचा उपाय, पण त्या एका शहरापुरता तो कामी आला.

आपल्या जवळचं उदाहरण आदरार्थी शब्दांचं. इंग्रजी विकिपीडियावर पैगंबरांच्या नावापुढे दरूद लिहीत नाहीत. कोणी श्रद्धेने लिहिलं तर ते काढलं जातं आणि आपल्या माणसाला वाटतं, ही मुद्दाम केलेली बेअदबी आहे. त्याच इंग्रजी विकिपीडियावर शिवाजी महाराजांच्या लेखाचं शीर्षक नुसतं ‘शिवाजी’ आहे, आणि ते बदला म्हणून चर्चेच्या पानावर सतत मागण्या येतात. दोघांनाही मिळणारं उत्तर एकच : आम्ही कोणाच्याच नावाला उपाधी लावत नाही. ज्याला पहिल्या उत्तराचा राग येतो त्याने दुसरं वाचावं आणि ज्याला दुसऱ्याचा येतो त्याने पहिलं. नियम आवडला नाही तरी तो आपल्यावर एकट्यावर धरलेला डूख नाही, एवढं नक्की कळतं. मराठीची गोष्ट आणखी निराळी. ‘होता’ लिहायचं की ‘होते’, हे ठरवल्याशिवाय मराठीत पहिलं वाक्यच पूर्ण होत नाही. इंग्रजीचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही, आपला आपल्यालाच बसून ठरवावा लागतो.

वाद चर्चेच्या पानावरून उठून बाहेर गेला की काय होतं तेही आपण पाहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून संताप उसळला आणि महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला तो मजकूर काढण्यासाठी नोटीस पाठवली. लोकांची भावना समजण्यासारखी आहे. पण पोलिसांच्या धाकाने ओळ काढता येते, त्या जागी चांगली ओळ लिहिता येत नाही. ती लिहायला ग्रंथ उघडावे लागतात. आणि आज एकाच्या भावनेसाठी हा रस्ता बरा वाटला, तर उद्या तोच रस्ता फातिमा शेख ‘काल्पनिक’ ठरवायलाही वापरता येईल. माझी धास्ती ती आहे.

आपली नावं इतिहासात आधीच कमी नोंदली गेली आहेत. म्हणून जे एखादं नाव सापडतं त्याला आपण जास्त सजवतो. तारीख देतो, चेहरा देतो, बिरुदं देतो. प्रेमापोटीच देतो. पण २०२५ साली ‘ही बाई झालीच नाही’ म्हणणाऱ्याचं काम कशामुळे सोपं झालं? १८५६ च्या पत्रामुळे नक्कीच नाही. ज्या गोष्टींना आधार नव्हता त्या त्याने पुढे केल्या आणि त्यांच्यासोबत आधार असलेली गोष्टही लोकांच्या मनात डळमळली. कच्ची वीट आपण स्वतः काढली तर भिंत राहते. दुसऱ्याने काढली की तो पूर्ण भिंतच कच्ची होती असं सांगत सुटतो.

मी सुचवलेलं ते वाक्य तुम्ही हे वाचाल तेव्हा त्या पानावर असेलच असं नाही. येत्या जानेवारीत ते पुन्हा बदलेल, पुन्हा चर्चा करावी लागेल. त्याची मला तक्रार नाही. माझी विनंती वेगळी आहे. वाचकांपैकी कोणाकडे पुण्यातल्या, नगरमधल्या जुन्या घराण्यांचे कागद असतील, जुन्या उर्दू शाळांची हजेरीपत्रकं असतील, दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या ट्रस्टची दप्तरं असतील, तर ती उघडा. वाळवी लागण्याआधी फोटो काढून ठेवा. मोडी वाचणारा माणूस गाठा. काही सापडलं तर ते थेट विकिपीडियावर टाकू नका, कारण स्वतः केलेलं नवं संशोधन तिथे चालत नाही. आधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा, त्याच्याकडून नियतकालिकात लेख येऊ द्या, पुस्तकात येऊ द्या. तो छापलेला लेख हाती आला की मला कळवा. ती ओळ मी स्वतः घालीन, संदर्भासह.